शितावरून रस्त्याची परीक्षा

वार्षिकांकासाठी कला शाखेच्या विद्यार्थिनीने काय लिहावे, याची एक मळलेली वाट आहे. कविता द्यावी, एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, नाही तर सहलीचे वर्णन लिहावे. मी डांबरावर लेख लिहिणार आहे असे सांगताच मैत्रिणी हसल्या. सरांनी मात्र हसू आवरून एवढेच विचारले, "तुझा आणि डांबराचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमचे घर अर्नाळ्याला, समुद्राकाठी. आई मासळी विकते. पहाटे मासळी घ्यायची, पाटी भरायची आणि रिक्षाने बाजार गाठायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. गेल्या वर्षी भाद्रपदात अशाच एका पहाटे रिक्षाचे पुढचे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले. रिक्षा कलंडली, पाटी रस्त्यावर पालथी झाली आणि आईचे उजवे मनगट मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. नारळी पौर्णिमेनंतरचे दिवस म्हणजे आमच्या धंद्याचे खरे दिवस. ते सारे दिवस पाटी घेऊन मी बाजारात बसले आणि सकाळच्या तासांना गैरहजर राहिले. हजेरीपटावरच्या त्या रिकाम्या चौकटींचे कारण बऱ्याच जणांना आज प्रथमच कळेल.

त्या खड्ड्याविषयी एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. तो रस्ता जुना नव्हता. त्याच वर्षीच्या वैशाखात त्याचे डांबरीकरण झाले होते. काळाभोर, गुळगुळीत रस्ता पाहून आम्ही सारे खूश झालो होतो. चार महिन्यांत त्याची चाळण झाली. पाऊस तर सगळीकडेच पडतो. मग काही रस्ते वर्षानुवर्षे टिकतात आणि काही एकाच पावसाळ्यात का उखडतात? "सगळे पैसे खातात" हे उत्तर आपल्याकडे तयार असते. ते खरे असेल किंवा नसेल. पण ते एकदा उच्चारले की पुढे कोणी काही विचारत नाही, ही त्यातली मोठी अडचण आहे. मला रस्ता नेमका कसा बिघडतो, हे जाणून घ्यायचे होते.

माझा मामेभाऊ बांधकामाच्या साहित्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला आहे. दिवाळीच्या सुटीत त्या खड्ड्याच्या कडेचे एक ढेकूळ पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेले. "दादा, यातले डांबर चांगले आहे की वाईट, तेवढे सांग," असे मी म्हटले. त्याने ढेकूळ उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "एवढ्यावरून काही सांगता यायचे नाही. पण आलीच आहेस तर दोन दिवस राहा आणि परीक्षा कशा होतात ते बघ." त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि पुढे वाचून जे समजले, ते येथे मांडते.

डांबर म्हणजे काय?

आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो, ती खरे पाहता दोन निराळी द्रव्ये आहेत. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवून कोक तयार करताना जे काळे, उग्र वासाचे द्रव्य निघते ते एक. दुसरे खनिज तेलाचे. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल अशी हलकी तेले काढून घेतल्यावर तळाशी जो जड, चिकट भाग उरतो, त्याला बिटुमेन म्हणतात. आजच्या रस्त्यांवर पडते ते हे दुसरे द्रव्य. मुंबईत माहुल-ट्रॉम्बे भागात १९५४-५५ साली तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. तेथे बिटुमेनही तयार होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे द्रव्य अपरिचित नसावे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातून पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे त्याचाच थर दिलेला आढळला आहे. बोलीतल्या रूढीप्रमाणे मीही पुढे त्याला डांबरच म्हणते.

रस्त्याच्या वरच्या थरात हे डांबर असते तरी किती? शंभर किलो मिश्रणात साधारण पाच किलो. बाकी सारी खडी, कच आणि दगडाची भुकटी. म्हणजे ज्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो, तो खरा दगडांचाच रस्ता. डांबराकडे दोनच कामे असतात: दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणे आणि पाण्याला आत शिरू न देणे.

अर्नाळ्याच्या बेटावरचा किल्ला पुष्कळांनी पाहिला असेल. बाजीरावांच्या आज्ञेने मराठ्यांनी तो नव्याने बांधून काढला, तसा शिलालेख त्याच्या दरवाजावर आहे. तेथे दगडांना बांधून ठेवण्याचे काम चुना करतो. चुना एकदा घट्ट झाला की घट्टच राहतो. डांबराचे तसे नाही. ते थंडीत कडक आणि उन्हात मऊ होते, चाकाखाली किंचित दबते आणि पुन्हा सावरते. चाकांचा मार सोसण्याची त्याची शक्ती या लवचीकपणात आहे आणि त्याचे दौर्बल्यही त्यातच आहे. फार मऊ असेल तर वैशाखाच्या उन्हात चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. फार कडक असेल तर त्याला तडे जातात. म्हणून त्याची परीक्षा करावयाची म्हणजे मुख्यतः एकच प्रश्न निरनिराळ्या रीतींनी विचारावयाचा: किती ऊष्णतेला ते किती मऊ आहे?

सुई, गोळी आणि तार

माझी आई पापलेट घेताना दोन गोष्टी करते. कल्ला उचलून रंग पाहते आणि अंगठ्याने मास दाबते. दाबलेली जागा वर आली तर मासा ताजा, खळगा तसाच राहिला तर शिळा. प्रयोगशाळेतली पहिली परीक्षा पाहताना मला तिच्या अंगठ्याची आठवण झाली. येथे अंगठ्याऐवजी सुई असते. छोट्या डबीत ओतून निववलेले डांबर २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात. मग १०० ग्रॅम भार असलेली ठराविक जाडीची सुई त्याच्या पृष्ठभागावर टेकवून बरोबर ५ सेकंद मोकळी सोडतात. ती किती आत शिरली ते मिलीमीटरच्या दहाव्या भागांत मोजतात. सुई साडेसहा मिलीमीटर शिरली तर अंक आला ६५. असे यंत्र १८८८ च्या सुमारास अमेरिकेत बोवेन नावाच्या गृहस्थाने बनवले. त्यापूर्वी जाणकार लोक डांबराचा तुकडा चावून त्याचा कडकपणा ठरवीत, असे सांगतात. परीक्षकाचे दात आणि मत यांवर अवलंबून असलेली गोष्ट सुईमुळे अंकावर आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अंकाशी वाद घालता येतो. दाताशी काय घालणार?

दुसरी परीक्षा गोळीची. पितळेच्या दोन लहान कड्यांत डांबर भरतात, प्रत्येकावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवतात आणि सारे पाण्यात बुडवून दर मिनिटाला ५ अंश या बेताने पाणी तापवतात. डांबर मऊ होऊ लागले की गोळी त्याला घेऊन खाली लोंबू लागते. ती सुमारे २५ मिलीमीटर खालच्या पट्टीला टेकली, की त्या वेळचा पाण्याचा अंश हा त्या डांबराचा मृदुबिंदू. आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेल्या एका प्रतीला हा बिंदू किमान ४७ अंश असावा लागतो. येथे मी दादाला विचारले, की भर उन्हात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो म्हणतात, मग रस्ता वितळून का जात नाही? तो म्हणाला, "कारण ओझे डांबर उचलत नाही, खडी उचलते. दगड एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, डांबर त्यांच्यामधला पातळ पापुद्रा." रस्ता दगडांचाच असतो ते असे.

तिसरी परीक्षा घरोघरी चालते. लाडवांसाठी पाक करताना बायका बोटांत धरून तार पाहतात. येथे डांबराची मधे बारीक असलेली वडी पाण्यात दोन चिमट्यांत धरून मिनिटाला ५ सेंटिमीटर या वेगाने ताणतात. तार बारीक होत होत केसासारखी होते आणि तुटते. कितव्या सेंटिमीटरला तुटली, तो त्याचा ताणण्याचा अंक. लवकर तुटणारे डांबर रस्त्यावरही ताण आला की तडकते.

याखेरीज भेसळ पकडणाऱ्या परीक्षा असतात. डांबर विशिष्ट द्रावकात विरघळवून गाळतात; शंभरातले निदान नव्व्याण्णव भाग विरघळले पाहिजेत. कोणी दगडाची भुकटी मिसळून वजन वाढवले असेल, तर ती गाळणीवर उरते. तसेच डांबर तापवत नेऊन त्याच्या वाफा कितव्या अंशाला क्षणभर पेट घेतात, तेही पाहतात. हा अंश २२० च्या खाली आला, तर त्यात रॉकेलसारखे एखादे हलके तेल मिसळले असल्याचा संशय येतो. मजुरांच्या जिवाच्या दृष्टीनेही हा अंक महत्त्वाचा आहे, कारण डांबर दीडशे अंशांवर तापवूनच वापरावे लागते.

सुईचे राज्य का गेले?

पूर्वी आपल्याकडे डांबराच्या प्रती सुईच्या अंकांवरूनच ओळखत: ८०/१००, ६०/७०, ३०/४०. जुने मुकादम अजूनही हेच अंक बोलतात. परंतु २००६ साली भारतीय मानकाने, म्हणजे आय. एस. ७३ ने, ही पद्धत सोडून दाटपणावर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधावर, प्रती ठरवल्या. त्या अशा: व्ही. जी. १०, २०, ३० आणि ४०. २०१३ साली या मानकाची पुन्हा सुधारणा झाली.

कारण समजण्यास सोपे आहे. सुईची परीक्षा २५ अंशांना होते. दोन डांबरे २५ अंशांना अगदी सारखी असू शकतात; पण ६० अंशांना एक घट्ट राहील आणि दुसरे ओघळू लागेल. शांत वर्गात दोन मुले सारखीच शहाणी दिसतात. गॅदरिंगच्या रात्री कोण कसे वागते ते खरे. म्हणून आता वैशाखातल्या रस्त्याइतक्या, म्हणजे ६० अंश ऊष्णतेला, काचेच्या बारीक नळीतून डांबर निर्वाताच्या साह्याने वर ओढतात आणि त्याला लागणाऱ्या वेळावरून दाटपणा काढतात. त्याचे माप पॉइझ. पाण्याचा दाटपणा एका पॉइझचा सुमारे शंभरावा भाग असतो, व्ही. जी. ३० डांबराचा ६० अंशांनाही २४०० ते ३६०० पॉइझ असावा लागतो. शिवाय १३५ अंशांनाही एक मोजणी होते, कारण खडीवर नीट लपेटले जाण्यासाठी त्या ऊष्णतेला ते पुरेसे पातळ व्हावे लागते.

आणखी एक परीक्षा मला सर्वांत शहाणी वाटली. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळपट व दाट होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. डांबराचेही तसेच. उष्णता आणि हवा यांनी त्यातला लवचीक अंश कमी होत जातो आणि ते जून, ठिसूळ होते. हा परिणाम आधीच जोखण्यासाठी काचेच्या बाटल्यांत थोडे थोडे डांबर घालून १६३ अंशांच्या भट्टीत त्या ८५ मिनिटे फिरवत ठेवतात आणि आत गरम हवेचा झोत सोडतात. मिश्रण तयार होऊन रस्त्यावर पडेपर्यंत डांबर जितके जून होते, तितके ते या सव्वा तासाहून थोड्या अधिक वेळात होते. मग पुन्हा दाटपणा मोजतात. तो मूळच्या चौपटीहून जास्त वाढता कामा नये. पुन्हा तार ताणून पाहतात. माणसाची परीक्षा त्याच्या तारुण्यातच घेऊन भागत नाही, हे तत्त्व डांबरालाही लावलेले पाहून मला गंमत वाटली.

माझ्या ढेकळाची गोष्ट

या साऱ्या परीक्षांत माझ्या ढेकळाला मात्र जागा नव्हती. त्यातले डांबर आधी द्रावकाने खडीपासून सोडवून घ्यावे लागले असते आणि तेवढे डांबर त्या मुठीएवढ्या ढेकळात नव्हते. पण दादाने ते फोडून दाखवले. वरून सगळे काळे होते. आतल्या काही दगडांच्या खालच्या बाजू मात्र धुतल्यासारख्या उघड्या पडल्या होत्या. "हे बघ, पाण्याने डांबर सोडवले," तो म्हणाला.

पाणी हा रस्त्याचा खरा शत्रू, हे आपण ऐकून असतो. तो वार कसा करतो ते मी तेव्हा प्रथम पाहिले. दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक प्रिय असते. दगड आणि डांबर यांच्या मध्ये पाणी शिरले की ते डांबराला हळूहळू बाजूला सारते. वरून चाक गेले की आतले पाणी दाबले जाते, चाक पुढे गेले की ओढले जाते. गाडीगणिक हे दाबणे-ओढणे चालते. मग एक खडा सुटतो. त्याच्या शेजारच्याला आधार राहत नाही, तोही सुटतो, आणि खड्डा तयार होतो. याचीही परीक्षा आहे आणि ती अगदी साधी आहे. डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवायची आणि किती पृष्ठभाग उघडा पडला ते पाहायचे. शेकडा ९५ भागावर डांबर टिकले पाहिजे. खडीवर धूळ असेल किंवा ती ओली असेल तर डांबर नीट बसत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या बाबतीत काही वाईट नाही. तरी पकड कमी वाटल्यास मिश्रणात थोडा विझवलेला चुना घालतात. किल्ल्यातला चुना असा रस्त्याच्याही मदतीला येतो.

एवढे पाहून मी विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हणजे डांबर वाईटच होते!" दादाने मान हलवली. "तसे म्हणता येणार नाही. खडी ओली असेल. मिश्रण थंड झाल्यावर पसरले असेल. रोलर कमी फिरला असेल. डांबर कमी पडले असेल. किंवा सगळे ठीक असून बाजूला गटार नसेल. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती भात एकाच पातेल्यातला आणि ढवळलेला असेल तरच खरी."

हे वाक्य मी विसरणार नाही. प्रयोगशाळेचा अंक कितीही अचूक असो. तो फक्त तिच्या टेबलावर आलेल्या नमुन्याविषयी बोलतो. नमुना टँकरमधून, ठरलेल्या रीतीने, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर घेतलेला असेल तरच तो त्या रस्त्याविषयी बोलतो. चांगल्या डांबराची डबी प्रयोगशाळेत आणि भलतेच डांबर रस्त्यावर असे झाले, तर सुई, गोळी आणि तार तिन्ही निरुपयोगी.

शिवाय डांबर उत्तम असले तरी पुढे त्याला बिघडवणे अवघड नाही. व्ही. जी. ३० चे मिश्रण कारखान्यातून १६५ अंशांहून अधिक तापलेले निघू नये. नाही तर डांबर करपून जून होते. रस्त्यावर ते निदान १४० अंशांना पसरावे आणि ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी त्याची दबाई पुरी व्हावी. थंड मिश्रणावर रोलर कितीही फिरवला तरी ते घट्ट बसत नाही. घट्ट बसलेल्या थरातही शंभरात तीन ते पाच भाग हवा मुद्दाम ठेवतात, म्हणजे उन्हात फुगणाऱ्या डांबराला जागा मिळते. त्याहून बरीच जास्त पोकळी राहिली तर पाण्याला वाट मिळते. मिश्रणात डांबर किती पडले हे दिवसातून किमान दोनदा तपासावयाचे असते. कमी पडले तर खडी सुटते, जास्त पडले तर उन्हाळ्यात डांबर वर येऊन रस्ता निसरडा होतो. स्वयंपाकातल्या मिठाचाच हा न्याय.

आणि गटार! आमच्या किनारपट्टीत जमिनीखालचे पाणी पावसाळ्यात हाताला लागेल इतके वर येते. पूर्वी वसईच्या या पट्ट्यात जागोजाग बावखले होती. वाडीला पाणी देत आणि पावसाचे पाणी पोटात घेत. त्यांतली कितीतरी भरून त्यांवर घरे उभी राहिली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुंपणाच्या भिंती आल्या. मग पाणी कोठे जाणार? ते रस्त्यावरच थांबते. असे पाणी चार महिने डोक्यावर घेऊन उभा राहील, असे डांबर कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेले नाही. त्या खड्ड्यात थोडा वाटा आम्हा गावकऱ्यांचाही असेल, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

पुण्याचा एक रस्ता

मग टिकाऊ डांबरी रस्ता आपल्या पावसात होऊच शकत नाही काय? होतो. पुण्याचा जंगली महाराज रस्ता हे त्याचे उदाहरण. १९७३ च्या मोठ्या पावसाने पुण्याचे रस्ते उखडले. तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे हे अगदी तरुण नगरसेवक होते. मुंबईत याहून जास्त पाऊस पडूनही रस्ते कसे टिकतात, याची त्यांनी चौकशी केली आणि मुंबईच्या 'रेकॉन्डो' या कंपनीला काम दिले गेले. कारखान्यात गरम मिश्रण तयार करून ते यंत्राने पसरण्याची, म्हणजे हॉटमिक्सची, रीत पुण्याला तेव्हा नवीन होती. खर्च सुमारे १५ लाख रुपये. अट अशी, की कंपनीने दहा वर्षांची हमी द्यावी. १ जानेवारी १९७६ रोजी रस्ता पुरा झाला. १९८६ साली हमी संपली. रस्ता मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला आणि पुणेकरांच्या बोलण्यात तो एक चमत्कार होऊन बसला.

मला तो चमत्कार वाटत नाही. गरम मिश्रण, नीट दबाई, पाण्याला वाट, या सगळ्या ज्ञात गोष्टी होत्या. निराळी होती ती दहा वर्षांची हमी. ज्याला दहा वर्षे रस्ता स्वतःच्या खर्चाने सांभाळायचा आहे, तो खोटा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणाला फसवणार? स्वतःलाच! परीक्षा प्रामाणिक व्हावी असे वाटत असेल, तर तिच्या निकालाची झळ परीक्षा देणाऱ्याला पोचली पाहिजे. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षांनाही हे लागू पडते. पण तो विषय निराळा.

रस्ता टिकणे आणि पर्यावरण राखणे या आज एकाच गोष्टी झाल्या आहेत. डांबर येते खनिज तेलातून, आणि आपल्या देशाला डांबराचा मोठा वाटा आयात करावा लागतो. दर दोन वर्षांनी नवा थर टाकायचा म्हणजे दर दोन वर्षांनी नवी खाण, नवे तेल, नवा धूर. म्हणून नवे प्रयोग चालू आहेत. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे गरम खडीवर वितळवून त्यावर डांबर घालण्याची रीत काढली; त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर महामार्गाच्या एका तुकड्यावर, वनस्पतींतून मिळणारे लिग्निन मिसळलेले डांबर वापरण्यात आले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु नव्या द्रव्यालाही शेवटी त्याच भट्टीतून आणि त्याच पाण्यातून जावे लागते. नावात हिरवेपणा असला म्हणून परीक्षा माफ होत नाही.

आपण काय करावयाचे?

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. भारतातल्या रस्त्यांच्या विकासाचा पहिला मोठा विचार १९२७ साली नेमलेल्या समितीने केला. तिचे अध्यक्ष अभियंता नव्हते. ते होते बॅ. मुकुंदराव जयकर, ज्यांचे नाव पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिलेले आहे. त्यांच्या समितीच्या शिफारशीतूनच १९२९ साली रस्त्यांसाठी पेट्रोलवरच्या करातून वेगळा निधी निर्माण झाला आणि १९३४ साली रस्ते अभियंत्यांची भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. कायदा आणि भाषा जाणणाऱ्या माणसाचा रस्त्याशी संबंध असतो, याला याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्याजवळ तर जयकरांच्या काळी नव्हते असे एक साधन आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने नागरिकाला नुसती कागदपत्रे मागण्याचा नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. दहा रुपयांचा अर्ज. उत्तराला तीस दिवसांची मुदत. काय विचारायचे ते मात्र ठाऊक हवे. "रस्ता खराब का?" या प्रश्नाला उत्तर येते, "पावसामुळे." म्हणून मी घरी परतल्यावर दादाच्या मदतीने अर्जाचा मसुदा केला. त्यात प्रश्न असे आहेत: डांबर कोणत्या प्रतीचे वापरले आणि टँकरसोबतचे कारखान्याचे प्रमाणपत्र कोठे आहे? नमुने कोणत्या तारखांना, कोणासमोर घेतले? मृदुबिंदूचा, दाटपणाचा आणि पाण्यात बुडवण्याच्या परीक्षेचा अंक काय आला? मिश्रण पसरताना रोज किती अंश ऊष्णता नोंदवली? डांबराचे प्रमाण आणि दबाई किती भरली? दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर किती वर्षे आहे?

हा अर्ज लिहिताना मला एक गोष्ट जाणवली. यातला एकही प्रश्न समजण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. सुई किती शिरली, गोळी केव्हा पडली, तार कोठे तुटली, पाण्याने किती सोलले. ज्याने घरात पाक, मीठ आणि मासळी पाहिली आहे, त्याला हे कळते. अडते ते नेमके आणि निर्भीड वाक्य लिहिण्यापाशी. आणि तेवढे तर कला शाखेत शिकवतात.

मसुदा मी आईला वाचून दाखवला. तिचे मनगट आता जुळले आहे, तरी भरलेली पाटी उचलताना ते दुखते. सगळे ऐकून ती म्हणाली, की गिऱ्हाईक मासा दाबून बघते म्हणूनच विकणारी शिळा मासा वर मांडत नाही. तुमच्या रस्त्याला कोणी दाबूनच बघत नसेल, तर वर काय मांडतील?

मसुदा पक्का करून अर्ज दिला आहे. उत्तर यावयाचे आहे.